नऊ दारांचे कमळ आणि आमचा विहार

दिल्लीचे कमळ मंदिर आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असते. कॅलेंडरवर असते, मुलांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर असते, कुणाच्या तरी दिल्ली-आग्रा सहलीच्या अल्बममध्ये तर हटकून असते. पण ते मंदिर कोणाचे, असे विचारले की बरीच माणसे अडतात. कोणी म्हणते बिर्लांचे. कोणी म्हणते, कमळ आहे म्हणजे आपल्या बौद्धांचेच असणार. दोन्ही खरे नाही. ते बहाई धर्माच्या लोकांचे उपासना मंदिर आहे. त्याच्याबद्दल या पानावर लिहायचे कारण म्हणजे आमच्या चाळीत सध्या विहाराच्या दारावरून चाललेला वाद. त्या वादाचा दिल्लीच्या मंदिराशी काय संबंध, ते पुढे येईलच.

आम्ही परळ भागातल्या एका जुन्या चाळीतल्या महिला मंडळाच्या चौदा जणी. कोणी पोळीभाजी केंद्रात जाते, कोणी इस्पितळात आया आहे, दोघी महापालिकेतून निवृत्त झाल्या आहेत, बाकीच्या घर आणि शिलाई मशीन सांभाळतात. वर्षभर भिशीतून पैसे बाजूला काढले आणि गेल्या थंडीत मुंबई सेंट्रलहून गोल्डन टेंपल मेलने दिल्लीला गेलो. जाणे होते ते २६ अलीपूर रोडसाठी. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे जिथे महापरिनिर्वाण झाले त्या जागी १३ एप्रिल २०१८ पासून राष्ट्रीय स्मारक उघडले आहे. इमारत उघड्या पुस्तकासारखी, म्हणजे संविधानासारखी बांधली आहे. तिथे गेल्यावर जे वाटले त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. दुसरा दिवस मोकळा होता. मेट्रोच्या व्हायोलेट लाईनवर कालकाजी मंदिर स्टेशन आहे, तिथून कमळ मंदिर चालत जाण्यासारखे आहे. म्हणून गेलो.

लांबून ते अर्धवट उमललेले पांढरे कमळ दिसते. जवळ गेल्यावर कळते की पाकळ्या एकूण सत्तावीस आहेत, नऊ-नऊच्या तीन रांगा. सर्वांत बाहेरच्या नऊ पाकळ्या बाहेर झुकलेल्या, आणि त्या प्रत्येक पाकळीखाली एक दार. म्हणजे नऊ दारे. मधल्या नऊ पाकळ्या आत वळतात, आतल्या नऊ कळीसारख्या मिटत जातात पण पूर्ण मिटत नाहीत. वरच्या टोकाला फट राहते, तिथे काचेचे छत आहे, तिथून उजेड खाली झिरपतो. भोवती पाण्याची नऊ कुंडे आहेत. कमळ पाण्यावर तरंगते आहे असे दिसावे म्हणून ती केली असतील असे आम्हाला वाटले, पण त्यांचे दुसरेही काम आहे. बाहेरची हवा त्या पाण्यावरून थंड होऊन तळघराच्या झरोक्यांतून आत येते आणि आतली गरम हवा वरच्या टोकातून निघून जाते. ज्यांनी आयुष्यभर दहा बाय बाराच्या खोलीत मे महिना काढला आहे त्यांना या युक्तीचे मोल सांगायला नको.

वास्तुशिल्पकार इराणचे फरिबर्झ साहबा. १९७६ साली त्यांना हे काम मिळाले, १९८० साली बांधकाम सुरू झाले आणि डिसेंबर १९८६ मध्ये मंदिराचे उद्घाटन झाले. जमिनीची गोष्ट आम्हाला जास्त आवडली. सिंधमधल्या हैदराबादच्या आर्देशिर रुस्तमपूर नावाच्या बहाई गृहस्थांनी १९५३ साली आपली सगळी शिल्लक या जागेसाठी देऊन टाकली. मंदिर उभे राहायला पुढे तीस वर्षांहून जास्त काळ गेला. पाकळ्या काँक्रीटच्या पातळ कवचाच्या आहेत आणि बाहेरून ग्रीस देशातला पांढरा संगमरवर बसवला आहे. सगळेच गोलाईत असल्यामुळे सरळ रेघ म्हणून जवळजवळ नाहीच. नुसते हिशेब आणि नकाशे पुरे करायला दीड वर्ष लागले, आणि बांधणारी कंपनी लार्सन अँड टुब्रो होती, म्हणजे आपल्या मुंबईचीच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एका पाकळीचे काँक्रीट मध्ये थांबवून चालत नसे, नाहीतर सांधा दिसला असता. म्हणून सुमारे ४८ तास सलग, रात्रंदिवस, ओतकाम चाले. उन्हाळ्यात काँक्रीट तापू नये म्हणून त्यात बर्फ मिसळत. आणि ते काँक्रीट वर पोचवले कोणी? बायांनी. डोक्यावर पाटी, पाटीत सुमारे २२ किलो माल, आणि परातीवरून चढत वर. जगभरच्या पुस्तकांत ज्या इमारतीचे फोटो छापतात तिच्या पाकळ्या मजूर बायांच्या डोक्यावरून वर गेल्या आहेत. साहबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे, ही चांगली गोष्ट. नाहीतर मोठ्या इमारतीखाली एकाच माणसाचे नाव राहते. आमच्यातल्या दोघींच्या आया सत्तरच्या दशकात दादर-परळच्या नाक्यावर उभ्या राहून घमेली वाहायला जात. त्यांनी त्या पाकळ्यांकडे फार वेळ पाहिले. एक म्हणाली, "बावीस किलो म्हणजे आपला गॅसचा सिलिंडर नव्हे, पण चढून बघा म्हणावं." दुसरी काही बोलली नाही.

आत जायची पद्धत साधी आहे. तिकीट नाही. चपला पिशवीत घालून खिडकीवर द्यायच्या, त्याचेही पैसे नाहीत. दाराशी तरुण मुले-मुली उभी असतात, गट थांबवून हिंदीत आणि इंग्रजीत सांगतात: आत बोलायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, हवा तितका वेळ बसा, आपापल्या पद्धतीने प्रार्थना करा किंवा करू नका. एवढेच. कुठून आलात, कोण, आडनाव काय, कसले मंडळ, काही नाही. आमच्याबरोबर गटात एक शीख कुटुंब होते, केरळकडच्या दोन नन होत्या आणि शाळेच्या सहलीची दंगेखोर पोरे होती.

आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आक्का शहात्तर वर्षांच्या. त्यांनी सवयीने पदर सारखा केला, बटव्यातून दहाची नोट काढून मुठीत धरली आणि दारात थबकल्या. दाराशी असलेली मुलगी म्हणाली, "आइए माताजी, आराम से." आत गेल्यावर आक्का मुठीतली नोट टाकायला पेटी शोधत राहिल्या. पेटी नव्हती. बहाई लोक आपल्या धर्मकार्यासाठी फक्त बहाईंकडूनच देणगी घेतात, पाहुण्याकडून पैसाही घेत नाहीत. आक्कांनी नोट परत बटव्यात ठेवली आणि बाकावर बसल्या. (आमच्या विहाराला दानपेटीशिवाय लाईटबिल भरता येणार नाही, हे इथेच सांगून टाकतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण पेटी दारातच, चपलांच्या आधी दिसेल अशी ठेवायची की नाही, यावर बोलायला हरकत नसावी.)

आत मूर्ती नाही, तसबीर नाही, गाभारा नाही, पुजारी नाही. तेराशे माणसे बसतील एवढे मोठे दालन, वरून उजेड, आणि शांतता. थोड्या वेळाने तीन-चार जण पुढे आले आणि त्यांनी निरनिराळ्या धर्मग्रंथांतले उतारे म्हटले. वाद्य नाही, कारण तिथे फक्त माणसाचा आवाज चालतो. प्रवचन नाही, प्रचार नाही. एक उतारा कोणत्या भाषेत होता ते आम्हाला कळलेही नाही. पाच-सात मिनिटांत झाले आणि पुन्हा शांतता. शाळेची पोरेसुद्धा गप्प होती, याचे श्रेय कोणाला द्यावे समजत नाही.

बाहेर आल्यावर एकीच्या लेकीने, ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सरळ प्रश्न टाकला. "आई, हे लोक देव मानतात. भगवान बुद्धांनासुद्धा देवाने पाठवलेला दूत म्हणतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. मग तिथं डोळे मिटून काय केलंत?"

प्रश्न रास्त होता, आणि आम्ही तो हसून उडवला नाही. बहाई लोक एकच ईश्वर मानतात आणि म्हणतात की कृष्ण, जरथुष्ट्र, मोझेस, बुद्ध, येशू, महंमद हे सगळे त्याच्याच वेळोवेळच्या अवतरणाचे मानकरी, आणि आमचे बहाउल्ला त्यांतले अलीकडचे. आपल्याला हे मान्य होण्यासारखे नाही. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे आपण पाचव्या प्रतिज्ञेत नाकारले. दुसऱ्या कोणाचा प्रेषित म्हटले तरी आपले उत्तर बदलत नाही. बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्ट केले आहे. पण आमच्यातल्या एकीने मुलीला दिलेले उत्तर आम्हाला सगळ्यांना पटले. ती म्हणाली, "मी मनात त्रिसरण-पंचशील म्हटलं. आणि 'तुमचं देवाचं मला पटत नाही' हेसुद्धा मनात म्हटलं. दोन्ही म्हणायला तिथं कुणी अडवलं नाही." मुलीचे समाधान झाले की नाही माहीत नाही. गाडीत ती पुन्हा त्यावर बोलत होती, आणि बोलावेच.

परत आल्यावर आम्ही वाचनालयातून पुस्तके आणून या लोकांबद्दल वाचले. ज्यांनी नऊ दारे उघडी ठेवली त्यांच्यावर स्वतःच्या देशात दारे बंद झालेली आहेत, हे तेव्हा कळले. त्यांचे पूर्वसुरी 'बाब' यांना १८५० साली इराणात तब्रीझ शहरी गोळ्या घातल्या. बहाउल्ला यांना तेहरानमधून हद्दपार केले, तिथून बगदाद, तुर्कस्तान, शेवटी अक्काच्या तुरुंगात. १८९२ साली त्यांचे निधन झाले तेही परमुलखात. १९७९ च्या क्रांतीनंतर तर इराणात बहाई मुलांना विद्यापीठात प्रवेश मिळत नाही. शिक्षण नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट वाचून आम्ही थांबलो. १८४८ च्या उन्हाळ्यात इराणात बदश्त या ठिकाणी बाबांच्या अनुयायांची सभा भरली होती. त्या सभेत ताहिरा नावाची एक विदुषी, कवयित्री, पुरुषांसमोर चेहऱ्यावरचा पडदा काढून आली. त्याच १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एकीला दुसरीची खबर असण्याचे काही कारण नव्हते. ताहिराला १८५२ साली ठार मारले. आमच्या माई वाचल्या आणि आपण शिकलो.

आपल्या मुंबईचाही या धर्माशी जुना संबंध आहे. १८७२ साली जमाल एफेंदी नावाचे बहाई प्रचारक हिंदुस्थानात आले. पुढे यझ्दकडून मुंबईत पोट भरायला आलेल्या इराणी झरतोष्टी मंडळींपैकी काहींनी हा धर्म स्वीकारला. बहाउल्लांचा 'किताब-ए-अकदस' हा त्यांचा मुख्य धर्मग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो इराणात नव्हे, १८९०-९१ च्या सुमारास मुंबईत. पाचगणीची न्यू एरा शाळा १९४५ साली बहाईंनीच काढली.

आता आपल्या भागातल्या दारांकडे येऊ. १९२३ साली रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. कागदावर दार उघडले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२६ साली, दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि बाबासाहेबांना भांडावे लागले. 'सार्वजनिक' हा शब्द मांडवावर लिहिलेला होता आणि तरीही भांडावे लागले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालला, त्यात बायाही होत्या. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले. म्हणजे आपला धम्म सुरू होतो तोच एका बंद दारापासून पाठ फिरवून.

सगळी दारे बंद होती असेही नाही. गिरगावात प्रार्थना समाजाचे मंदिर आहे, १८७४ सालचे. तिथेही मूर्ती नाही, जातीची अट नाही. आज तो बसचा स्टॉप आणि चौकाचे नाव म्हणूनच लोकांना माहीत आहे. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसे तिथे उपासना चालवत. पण परळ-लालबागचा गिरणीत राबणारा माणूस रविवारी उठून गिरगावात त्या मंदिरात जाऊन बसला असेल का? आम्हाला शंका आहे. दार उघडे होते, पण आतली भाषा, आतले कपडे, आतली ओळख सगळी दुसऱ्याची होती. म्हणून विठ्ठल रामजी शिंदे यांचे मोल वाटते. ते त्याच समाजाचे प्रचारक, पण १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि पहिली शाळा आपल्या परळ भागात सुरू केली. पुढे बाबासाहेबांचे आणि त्यांचे पटले नाही, त्याची कारणे आहेत आणि ती विसरू नयेत. तरी माणूस गिरगावातून परळला चालत आला, हे मानावेच लागते. तसेच धर्मानंद कोसंबी. पाली भाषेचे एवढे मोठे पंडित, त्यांनी १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. आपल्या धम्मदीक्षेच्या आधी १९ वर्षे.

आणि चैत्यभूमी. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते उद्घाटन झाले, त्यामागे भैय्यासाहेबांचे कष्ट होते. दिल्लीच्या कमळाच्या मानाने आपली चैत्यभूमी लहान. पण तिथले तोरण सांचीच्या धर्तीचे आहे, आणि सांचीच्या स्तूपाला चारी दिशांना चार तोरणे आहेत हे ध्यानात घ्या. स्तूप गोल असतो. गोल गोष्टीला पुढची बाजू आणि मागची बाजू नसते, त्यामुळे अमक्याने पुढून यावे आणि तमक्याने मागून, अशी सोयच राहत नाही. कमळ मंदिराची नऊ दारे पाहताना आम्हाला प्रथम आठवले ते हेच. आमच्या आज्ज्यांना गावात मागच्या दाराने ताक आणि शिळे मिळत असे. मागचे दार नसलेली इमारत ही आम्हाला केवळ सुंदर वाटून चालत नाही.

कोणी म्हणेल हे जुने झाले. आमची चाळ पाडायची आहे, म्हणून काही कुटुंबांनी भाडे घेऊन बाहेर खोल्या बघायला सुरुवात केली. आमच्यातल्या एका कुटुंबाला एका सोसायटीत खोली पसंत पडली, आगाऊ रकमेचे बोलणे झाले, मग दलालाने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी फोन आला, मालकाचा भाचा येणार आहे. तिसऱ्या ठिकाणीही भाचाच येणार होता. मुंबईत घरमालकांना भाचे फार.

तर आता आमचा विहार. सध्याचा विहार म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांची भिंत काढून केलेली एक लांबट जागा. १९५६ नंतर आमच्या सासऱ्या-आजेसासऱ्यांनी वर्गणी काढून केली. दार थेट गल्लीत उघडते. पौर्णिमेला, जयंतीला, वर्षावासात ग्रंथवाचनाला भरतो, एरवी संध्याकाळी दोन तास उघडा असतो. तेवढ्या दोन तासांत काय काय होते ते कमिटीच्या वहीत नाही. समोर भाजी विकणारी बाई दुपारचे पाय सुजले की येऊन बसते, ती आपल्यातली नाही. टाटा इस्पितळात रुग्णाला घेऊन आलेली गावाकडची माणसे कधी विचारत विचारत येतात, पाणी पितात, अर्धा तास टेकतात. दहावीची पोरे कोपऱ्यात अभ्यास करतात. हे कमळ मंदिरात होत नाही. तिथे स्वागत मनापासून आहे, पण ते दहा-वीस मिनिटांच्या पाहुण्याचे. आपल्या विहारात लग्नही लागते आणि शोकसभाही होते. बहाईंच्या ग्रंथांतही म्हणे असेच सांगितले आहे की उपासना मंदिराच्या भोवती शाळा, दवाखाना, अनाथांची सोय उभी राहावी.

नव्या इमारतीच्या नकाशात विहाराला जागा आहे, आणि आतापेक्षा मोठी आहे. संगमरवरी फरशी, पंखे, स्वच्छतागृह. पण ती पोडियमवर आहे, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांच्या वर, लिफ्टने जायचे. लिफ्टच्या आधी फाटक, फाटकावर वॉचमन, वॉचमनकडे वही: नाव, कुठून आलात, कोणाकडे जायचे, फ्लॅट नंबर. भाजीवाली बाई त्या वहीत काय लिहिणार? टाटाला आलेला माणूस कोणता फ्लॅट नंबर सांगणार?

कमिटीतल्या पुरुष मंडळींचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले. वर आवाज कमी, स्वच्छता राहील, म्हाताऱ्यांना लिफ्ट. तळमजल्यावर दारू पिऊन कोणी येऊन बसते, दोन वर्षांपूर्वी दानपेटी फुटली, ते खोटे नाही. एका भाऊंनी तर सांगितले, "ताई, एवढी वर्षं गल्लीतला विहार म्हणून लोकांनी हिणवलं, आता जरा चांगल्या जागी असू दे की." हे ऐकून आम्हालाही क्षणभर बोलता आले नाही, कारण त्यामागचे दुःख खरे आहे. आपल्या मुलांनी संगमरवरावर बसावे असे कोणाला वाटत नाही? पण आक्का म्हणाल्या, "भाऊ, संगमरवर खालीपण बसवता येतो."

बाबासाहेबांचा आग्रह होता की प्रत्येक बौद्धाने दर रविवारी विहारात जावे. तेव्हा जाणे म्हणजे घरातून निघून चार पावले चालणे होते. ती पावले कोणाच्या परवानगीने मोजली जाऊ नयेत, एवढेच आम्ही बैठकीत मांडले. काही जणींनी तर नऊ नाही तरी चार दिशांना चार दारे मागा असा आग्रह धरला, पण आमच्या जागेला दोनच बाजू मोकळ्या आहेत, त्यामुळे ते सोडून दिले.

शेवटी महिला मंडळाच्या वतीने विकासकाच्या आर्किटेक्टला पत्र दिले आहे, चौदा सह्या आणि तीन अंगठ्यांसह, कारण दिल्लीला न आलेल्या तिघींनीही त्यात नाव घातले. मागण्या थोड्याच आहेत. विहार तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. दोन दारे, एक रस्त्याकडे आणि एक इमारतीच्या आवारात, दोन्ही सारख्याच उंचीची आणि सारखीच सजवलेली. रस्त्याकडच्या दाराला वॉचमनची वही नाही. बाहेर पिण्याच्या पाण्याचा नळ, तो विहार बंद असतानाही चालू. दानपेटी असेल, पण आत, एका बाजूला. किल्ली एकाच पदाधिकाऱ्याकडे न राहता आळीपाळीने पाच घरांत, त्यांत किमान दोन घरांतून बाईच्या नावावर. कुलूप फुटले तर दुसरे आणू, त्याची वर्गणी आम्ही काढू, असेही लिहिले आहे.

आर्किटेक्टच्या ऑफिसातून फोन आला होता, दाराची रुंदी किती हवी म्हणून. नकाशात साडेतीन फूट दाखवली आहे. आम्ही टेप घेऊन मोजले. शोकसभेआधी तिरडी थोडा वेळ विहारात आणतात, तिला दोन्ही बाजूंनी माणसे धरून असतात. लग्नात नवरा-नवरी शेजारी शेजारी आत येतात, मागे-पुढे नाही. सहा फूट कळवले आहे.